तीन झाडे आणि पाऊस

रेम्ब्रांट म्हटले की मला अंधारातून उजळलेले चेहरे आठवायचे. आम्स्टरडॅममध्ये त्याच्या राहत्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. तिथे मी ‘तीन झाडे’ हे एचिंग पाहिले आणि पुढच्या दालनात जायचे विसरलो. चित्र केवढे, तर फुलस्केप कागदाहूनही लहान!

हे घर त्याने १६३९ मध्ये तेरा हजार गिल्डरना घेतले, तेही बरेचसे उधारीवर. श्रीमंतांची चित्रे काढून पैसा येत होता. पण तीन मुले तान्हेपणीच गेली, चौथा टायटस तेवढा जगला आणि तो वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा, १६४२ मध्ये, पत्नी सास्किया गेली.

शहराबाहेर पायी भटकायची सवय त्याला आधीपासून होती. हॉलंडची भूमी म्हणजे सपाट माळ, कालवे, बांध, पवनचक्क्या. डोंगर औषधालाही नाही. वर पसरलेले आभाळ, तेच काय ते वैभव. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा. उघड्या पडलेल्या रेघा आम्ल कोरून काढते. त्यांत शाई भरून ओल्या कागदावर छाप घ्यायचा. छापात डावे-उजवे उलटते. त्याने आम्स्टरडॅमचे दृश्य काढले, तर अख्खे शहर आरशातल्यासारखे उमटले. त्याचे त्याला काही वाटलेले दिसत नाही!

‘तीन झाडे’ १६४३ मधले. डावीकडे तिरक्या, जाड रेघांचा पाऊस, उजवीकडे उंचवट्यावर वाऱ्यात उभी झाडे. काहींना त्यांत क्रूस दिसतात. मला झाडेच दिसली. गळ टाकून बसलेला माणूस आहे, टेकडीवर चित्र काढणारा कुणी आहे, पाहाल तितके कमीच.

१६५२ च्या सुमारास ही निसर्गचित्रे थांबली. १६५६ मध्ये दिवाळे निघाले, घरातल्या वस्तूंची यादी झाली, पुढे घरही गेले. १६६८ मध्ये टायटस गेला आणि पुढच्या वर्षी रेम्ब्रांटही. त्याला भाड्याच्या कबरीत पुरले.

चित्राच्या उजव्या कोपऱ्यातल्या काळ्या झुडपात एक प्रेमी जोडपे लपले आहे. इतके लपलेले, की तिसऱ्यांदा वाकून पाहिले तेव्हा कुठे मला ते सापडले. सास्किया जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.