धावण्यासाठी शिवलेला झगा

खेळाचे कपडे आता मैदानावर राहिलेले नाहीत. ज्याने जन्मात रॅकेट हातात धरली नाही तोही कॉलरचा टी-शर्ट घालून तासाला बसतो, आणि जिने धावण्याच्या शर्यतीत कधी नाव दिले नाही तीही धावण्याचे बूट घालून ग्रंथालयाचा जिना चढते. ट्रॅक पँट तर भाजी आणण्यापासून रात्रीच्या अभ्यासापर्यंत कुठेही चालते. हे सारे इतके अंगवळणी पडले आहे की हे कपडे आले कुठून, असे आपण विचारीतही नाही. त्याचे श्रेय कोणा एकाच माणसाला देणे बरोबर होणार नाही. पण त्यातला मोठा वाटा जिचा, त्या बाईची गोष्ट मला सांगावीशी वाटते. तिचे नाव सुझान लेंग्लेन.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण पोर अशक्त, दम्याने बेजार. तिची प्रकृती सुधारावी म्हणून १९१० साली वडिलांनी, शार्ल लेंग्लेन यांनी, तिला रॅकेट आणून दिली. पोरीच्या हातात काही वेगळेच आहे हे ध्यानात येताच त्यांचा बेत बदलला. कोर्टावर रुमाल अंथरायचा आणि चेंडू नेमका त्यावर टाकायला लावायचा. ते साधले की रुमालाची घडी घालून निशाण लहान करायचे, असा त्यांचा खाक्या होता. १९१४ मध्ये, पंधरावे वर्ष पुरे होऊन थोडे दिवस झाले असतील नसतील, सुझानने पॅरिसजवळ भरलेली मातीच्या कोर्टावरची जागतिक स्पर्धा जिंकली. लगेच महायुद्ध पेटले आणि खेळ थांबला.

त्या काळी तिकडच्या बायका टेनिस कशा खेळत हे आधी डोळ्यांपुढे आणले पाहिजे. आपल्या आज्या-पणज्यांनी नऊवारीचा कासोटा घालून चिखलात भात लावला, डोक्यावर ओझे घेऊन घाट चढला. युरोपातल्या सुखवस्तू बाईला ती सोय नव्हती. कंबर आवळणारा कॉर्सेट, त्यावर परकर, त्यावर घोट्यापर्यंत स्कर्ट, मनगटापर्यंत बाह्या आणि डोक्यावर टोपी, असा सरंजाम करून ती कोर्टावर उतरे. जवळ आलेला चेंडू मारायचा, लांबचा सोडून द्यायचा! पोशाखानेच खेळाची हद्द आखून दिली होती.

ही हद्द सुझानने १९१९ मध्ये विम्बल्डनला मोडली. अंतिम सामन्यात समोर होती सात वेळा अजिंक्यपद मिळवलेली, चाळिशीची डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. ती जुन्या रिवाजाप्रमाणे लांब स्कर्टात. वीस वर्षांची सुझान आली ती आखूड बाह्यांचा, पोटऱ्यांपर्यंतचा पातळ झगा घालून. आत ना कॉर्सेट, ना परकर. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी सामना पाहायला बसली होती. सामना अटीतटीचा झाला. दोनदा तर सुझान पराभवापासून अवघ्या एका गुणावर होती. शेवटी १०-८, ४-६, ९-७ असा तिने तो जिंकला. तिच्या झग्यावर वर्तमानपत्रांतून टीका झाली, पण तिची झेप, तिचे धावणे, हवेत उडून चेंडू गाठणे लोक विसरू शकले नाहीत. त्या झेपेतच टीकेचे उत्तर होते. जुन्या पोशाखात ती झेप घेताच आली नसती.

१९२१ पासून पॅरिसचा नामांकित पोशाखकार ज्याँ पातू तिचे कपडे करू लागला. गुडघ्याच्या जरा खाली येणारा चुण्यांचा रेशमी पांढरा स्कर्ट, वर बिनबाह्यांचे विणलेले जाकीट, आणि कपाळावर भडक रंगाचा रेशमी पट्टा. हा पट्टा केस डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून होता. पण थोड्याच दिवसांत कधी कोर्टावर न गेलेल्या बायकाही तो बांधून हिंडू लागल्या. खेळणाऱ्या बाईसारखे दिसणे हीच एक हौस झाली आहे, हे पातूने अचूक हेरले. १९२५ मध्ये त्याने आपल्या पेढीत खेळाच्या कपड्यांसाठी खास दालने उघडली. त्याआधी १९२४ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आलेल्या ‘ल त्रँ ब्ल’ या बॅलेमध्ये सुझानवरून बेतलेली टेनिसपटू नाचली, आणि तिचे कपडे केले होते कोको शनेलने. आपल्या मुलांच्या अंगावरच्या कॉलरच्या टी-शर्टाचे मूळही याच देशात, याच काळात आहे. १९२५ मध्ये विम्बल्डनला महिला एकेरीत सुझान आणि पुरुष एकेरीत रने लाकोस्त जिंकला. त्या लाकोस्तनेच पुढे १९३३ मध्ये मगरीचे चित्र असलेला सुती शर्ट बाजारात आणला.

इथवरची गोष्ट विजयाची आहे. १९१९ ते १९२५ या काळात विम्बल्डनची सहा एकेरी अजिंक्यपदे, १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदके. पण मला तिच्या आयुष्याची दुसरी बाजू अधिक विचारात पाडते. जिने लाखो बायकांच्या कमरेची आवळपट्टी सोडवली, ती स्वतः वडिलांच्या धाकातून फार उशिरा सुटली. ती थकली की ते प्रेक्षकांतून तिच्याकडे कोन्यॅकमध्ये बुडवलेले साखरेचे खडे फेकीत. १९२१ मध्ये अमेरिकेत आजारी असताना ती खेळली आणि खोकत सामना अर्धा सोडून गेली, तेव्हा तिलाच बोल लावण्यात आला. १९२६ मध्ये सामन्याच्या वेळेचा घोटाळा होऊन राणी मेरीला तिष्ठत बसावे लागले. त्याचाही एवढा गवगवा झाला की तिने विम्बल्डन अर्ध्यावर सोडले, ते कायमचे.

त्याच वर्षी तिने पैसे घेऊन खेळण्याचा करार केला. हौशी खेळाडूंच्या स्पर्धांची दारे त्यामुळे बंद झाली. तिचे म्हणणे सरळ होते : तिकिटांचा गल्ला क्लबांनी भरायचा आणि खेळणाऱ्याने मात्र फुकट घाम गाळायचा, तर मग हा खेळ श्रीमंतांपुरताच राहणार. पुढे तिने पॅरिसमध्ये टेनिसची शाळा चालवली. ४ जुलै १९३८ रोजी रक्ताच्या विकाराने ती गेली. वय होते अवघे एकोणचाळीस. आज फ्रेंच स्पर्धेतील महिला एकेरीचा चषक तिच्या नावाचा आहे, आणि १९९७ पासून तिथले एक मोठे कोर्टही.

मी स्वतः खो-खो खेळते. मैदानावरच्या कपड्यांत घरी परतताना वाटेत एकदोन नजरा आणि एखादा शेरा अजूनही वाट्याला येतो. अशा वेळी मला सुझानचा तो झगा आठवतो. तो कोणाचे लक्ष वेधण्यासाठी शिवलेला नव्हता, धावण्यासाठी शिवलेला होता. दुकानात कापड हातात घेताना रंग कसा, किंमत काय, लोक काय म्हणतील, हे सगळे आपण विचारतोच. यात धावता येईल का, एवढाही एक प्रश्न मुलींनी त्यात घालावा.