डॉ. विल्यम केरी यांचा दिवस व आठवडा

वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणजे मुलांच्या अभ्यासाच्या जागी रंगीत पेन्सिलींनी आखलेली वेळापत्रके झळकू लागतात. आठ दिवस गेले की तेच कागद चुलीला वारा घालण्याच्या कामी येतात. विद्यार्थिदशेत आम्हीही अशी कित्येक वेळापत्रके केली व मोडली, तेव्हा ह्या बाबतीत कोणास हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु ज्या पुरुषाने आपला आठवडा सुमारे तीस वर्षे नेमाने पाळला, त्याचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या मातापित्यांस करून द्यावा असे मनात आले.

विल्यम केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील पॉलर्सपरी ह्या खेड्यात झाला. धंद्याने ते चांभार. जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू ह्या भाषा आत्मसात केल्या. १७९३ साली ते बंगालात उतरले आणि १८०० च्या जानेवारीत हुगळीकाठच्या श्रीरामपुरास, म्हणजे त्या काळच्या डेन्मार्कच्या वसाहतीत, येऊन राहिले. १८०१ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांची नेमणूक झाली. तेथे ते बंगाली व संस्कृत, आणि पुढे मराठीही शिकवू लागले.

तेव्हापासून त्यांच्या आठवड्याचे दोन भाग पडले. आठवड्यातील काही दिवस होडीने नदी उतरून कलकत्त्यास जावयाचे, तेथे कॉलेजचे काम करावयाचे, आणि शुक्रवारी रात्री श्रीरामपुरास परतावयाचे. उरलेले दिवस छापखाना, भाषांतर व बाग ह्यांना. मार्कंड्याच्या घाटावर उभे राहून ज्यांनी वैनगंगेचे पावसाळी पात्र पाहिले आहे, त्यांना असा जलप्रवास दर आठवड्यास करणे म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको.

१२ जून १८०६ ह्या एका दिवसाचा हिशेब त्यांनी मित्रास लिहून कळविला होता, तो आजही उपलब्ध आहे. त्या दिवशी ते पावणेसहास उठले. हिब्रू शास्त्राचा एक अध्याय वाचून सातपर्यंत प्रार्थना, मग नोकरमंडळींसह बंगालीत कौटुंबिक उपासना. चहा ओतला जात आहे तेवढ्या वेळात मुनशीबरोबर फारसीचे वाचन. न्याहारीनंतर पंडितासह रामायणाचे भाषांतर, ते दहापर्यंत. दहापासून दीड-दोनपर्यंत कॉलेज. परत येताच यिर्मयाच्या बंगाली भाषांतराची मुद्रिते तपासणे, जेवणानंतर सहापर्यंत मत्तयाचे संस्कृत भाषांतर, आणि सहा वाजता एका तेलुगू पंडितापाशी पाटी घेऊन शिकावयास बसणे! वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, दिवसभर इतरांस शिकवून थकलेला हा शिक्षक सायंकाळी पुन्हा विद्यार्थी होई. (सिरोंच्याकडील आमच्या मुलांची ही घरची भाषा, त्यांनी तिची लाज बाळगण्याचे कारण नाही.) साडेसातला प्रवचन, नंतर जवळजवळ अकरापर्यंत यहेज्केलाचे बंगाली भाषांतर, मग पत्र, आणि निजण्यापूर्वी ग्रीक नव्या कराराचा एक अध्याय.

ह्या नेमातून आपल्या मराठीस जे लाभले ते थोडे नव्हे. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण निघाले, १८१० साली कोश निघाला, व त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत छापले होते. वैजनाथ पंडित हे ह्या कामातील त्यांचे मुख्य साहाय्यक. श्रीरामपूरच्या छापखान्यातून नागपूरकर रघूजी भोसल्यांची वंशावळही मराठीत निघाली. त्या वेळी आपला चांदा प्रांत त्याच भोसल्यांच्या राज्यात होता, हे लक्षात घेतले म्हणजे दूरचे श्रीरामपूर एकदम जवळचे वाटू लागते.

परंतु वेळापत्रकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अकरापर्यंत जागणाऱ्या ह्या मनुष्याची चूल कोण पेटवीत होते? श्रीरामपुरास सर्व मिशनरी कुटुंबे एकत्र राहत व एकाच टेबलावर जेवत. प्रत्येकाने पाळीपाळीने एक महिना घरखर्च पाहावा आणि शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून आठवड्यातील रुसवेफुगवे मिटवावेत, असा त्यांनी नियम केला होता. आमच्या मते हा नियम सर्वांत शहाणपणाचा. कॉलेजचा भक्कम पगार सामाईक पेटीत जाई. केरीसाहेब आपल्यासाठी अगदी थोडे ठेवीत. ह्या मोठ्या कुटुंबाच्या जेवणाखाण्याचा व शाळेचा भार मुख्यत्वे हॅना मार्शमन ह्या बाईंनी वाहिला.

केरीसाहेबांची पत्नी डोरोथी हिचा मुलगा पीटर १७९४ साली वारला, आणि त्यानंतर तिचे मन जे ढळले ते १८०७ साली तिचा अंत होईपर्यंत सावरले नाही. शेजारच्या खोलीत तिचा आक्रोश चालू असताना हे भाषांतर करीत बसत. मुले मोकाट सुटली होती. त्यांना वळण लावले ते हॅनाबाईंनी व वॉर्डसाहेबांनी. ह्याचा दोष आम्ही केरीसाहेबांस सर्वस्वी देत नाही, पण त्यांस त्यातून सोडवीतही नाही. आमच्या घरी कोणास ताप आला म्हणजे मुगाचे कढण करणारे हात कोणत्याच वेळापत्रकात लिहिलेले नसतात, एवढे आम्ही जाणतो.

११ मार्च १८१२ रोजी रात्री छापखान्यास आग लागली. केरीसाहेब त्या वेळी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी जाऊन त्यांस ही वार्ता सांगितली. अनेक भाषांचे खिळे वितळले, हस्तलिखिते गेली, आणि कित्येक वर्षे खपून जमविलेला बहुभाषी शब्दकोश जळाला, तो पुन्हा कधीच झाला नाही. वितळलेल्या धातूचे खिळे पुन्हा ओतले गेले, आणि थोड्याच आठवड्यांत छपाई सुरू झाली.

त्यांच्या आयुष्यात एकच चैन होती, ती बाग. शेवटच्या आजारात चालवेनासे झाले तेव्हा त्यांना बागेत नेऊन आणीत; पुढे तेही झेपेना, तेव्हा मुख्य माळीच रोज बिछान्यापाशी येऊन कोणते झाड कसे आहे ते सांगे. आपल्या मागे मार्शमन बागेत गाई सोडतील, अशी धास्ती एकदा त्यांनी बोलून दाखविली. झाडांची तेवढी आवड आपल्यास नसली तरी बाग जपू, असे मार्शमन यांनी त्यांस सांगितले. ९ जून १८३४ रोजी केरीसाहेब श्रीरामपूर येथेच वारले.