श्वासाला प्रयोगशाळेत नेणारा अमळनेरचा शिक्षक

भुसावळजवळच्या दीपनगरात औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या दुरूनच नजरेस पडतात. या वसाहतीचे दिवसरात्र सूर्यापेक्षा पाळ्यांवर अधिक चालतात. रात्रपाळी करून परतलेल्या माणसाची झोप, यंत्रांचा अखंड घरघराट आणि उन्हाळ्यातील खानदेशी तलखी यांची अनेकांना सवय होऊन जाते. परंतु प्रत्येक घरात एखादे तरी माणूस असे असते, की ज्याला या सवयी होत नाहीत. मोठा आवाज त्याला आतपर्यंत जाऊन भिडतो, दुसऱ्याचे दुःख त्याच्या जिवाला लागते आणि लहानशा बोलण्यानेही त्याची रात्र जागून निघते. आपल्याकडे अशा माणसाला हळवे म्हणतात आणि बहुधा तेवढे म्हणून सोडून देतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इलेन ॲरन यांनी १९९० च्या दशकात या स्वभावाचा अभ्यास करून तो आजार नसून जन्मजात प्रकृतिभेद असल्याचे मांडले. त्यांच्या अंदाजानुसार सुमारे १५ ते २० टक्के माणसे अशी असतात.

अशा माणसाला आज कोणीही सहज सल्ला देतो, की प्राणायाम कर. हा सल्ला इतका रुळला आहे, की त्यामागे कोणाचे तरी आयुष्य खर्ची पडले असेल, हे ध्यानात येत नाही. श्वासाच्या साधनेने शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न उपकरणे हाती घेऊन ज्यांनी भारतात सर्वप्रथम विचारला, त्यांत स्वामी कुवलयानंद यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या जीवनातील घडणीची वर्षे गेली ती दीपनगर ज्या जळगाव जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील अमळनेर येथे.

बडोद्यातील संस्कार

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. वडील शिक्षक होते. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि शिक्षणासाठी त्यांना परिस्थितीशी झगडावे लागले. बुद्धी मात्र तल्लख होती. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठी दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे ते बडोदा महाविद्यालयात दाखल झाले. अरविंद घोष त्या काळी तेथे अध्यापन करीत होते. अरविंदांचे विचार आणि लोकमान्य टिळकांचे राजकारण या दोहोंनी भारलेल्या त्या वातावरणात तरुण जगन्नाथाने ब्रह्मचर्याचे आणि देशसेवेचे व्रत घेतले. ते त्यांनी अखेरपर्यंत पाळले.

बडोद्यातच १९०७ ते १९१० या काळात जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. शरीर ही उपेक्षेची वस्तू नाही, ते घडवता येते, हा धडा त्यांना येथे मिळाला. पुढील सर्व कार्याचा पाया याच आखाड्यात घातला गेला.

अमळनेरची वर्षे

१९१० मध्ये पदवी घेतल्यानंतर गुणे खानदेशात आले. खानदेश शिक्षण मंडळाच्या कार्यात त्यांनी स्वतःला झोकून दिले. अमळनेर हे तेव्हा लहान परंतु जागे गाव होते. श्रीमंत प्रताप शेठजींच्या गिरणीने गावाला रोजगार दिला होता, तर १९१६ साली स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिरामुळे बोरीकाठच्या या गावाकडे देशभरातील अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले होते. त्याच १९१६ साली गुणे अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

गावोगावच्या साध्या माणसांत वावरताना त्यांना समाजातील अज्ञान आणि अंधश्रद्धा जवळून दिसली. शिक्षणावाचून या देशाचा उद्धार नाही, ही त्यांची खूणगाठ येथेच पक्की झाली. मात्र इंग्रज सरकारला या महाविद्यालयातील राष्ट्रीय वृत्ती मानवली नाही आणि १९२० मध्ये ते बंद पडले. चार वर्षे जपलेले काम हातातून गेले, तरी गुणे यांनी खानदेश सोडला नाही. १९२३ पर्यंत ते मंडळाच्या शिक्षणकार्यात भारतीय संस्कृतीचे अध्यापन करीत राहिले.

दरम्यान त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले होते. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे त्यांची परमहंस माधवदास या बंगाली योग्यांशी भेट झाली. माधवदासांनी त्यांना योगसाधनेची दीक्षा दिली. याच गुरूंचे दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योगसंस्था सुरू केली होती. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी योगाला गिरिकंदरांतून गृहस्थाच्या अंगणात आणावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

श्रद्धा आणि क्ष-किरण

गुणे साधनेत उतरले आणि तिचे परिणाम त्यांनी स्वतः अनुभवले. एखादा शिष्य एवढ्यावर संतुष्ट झाला असता. परंतु आपला अनुभव हा दुसऱ्यासाठी पुरावा ठरत नाही, हे या शिक्षकाला ठाऊक होते. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्याने योगाबाबत मात्र केवळ श्रद्धेवर विसंबावे, हे त्यांच्या मनाला पटेना. बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी विद्यार्थ्यांवर क्ष-किरणांच्या साह्याने उड्डियान आणि नौली या क्रियांचे प्रयोग केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, असे त्यांना आढळले. या निर्वात अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

१९२४ मध्ये लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम आश्रमाची स्थापना केली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. या नियतकालिकात एकीकडे प्रयोगांचे तक्ते व छायाचित्रे आणि दुसरीकडे आसन-प्राणायामाचे मार्गदर्शन असे. जगन्नाथ गुणे आता स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. नाव बदलले तरी त्यांच्यातील शिक्षक कायम राहिला.

गैरसोयीचे सत्य

स्वामीजींचे मोठेपण सर्वाधिक दिसते ते प्राणायामाविषयीच्या त्यांच्या भूमिकेत. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो आणि म्हणून तो आरोग्यदायी आहे, ही समजूत त्या काळीही होती आणि आजही आहे. योगाचा प्रचार करणाऱ्या माणसाला ती फार सोयीची होती. स्वामीजींनी मात्र तिची तपासणी केली. प्राणायामात किती प्राणवायू घेतला जातो आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो, याची मोजमापे त्यांनी १९३० च्या दशकात ‘योगमीमांसा’तून प्रसिद्ध केली. प्राणायामाचे खरे मोल वाढीव प्राणवायूत शोधू नये, असा त्यांचा निष्कर्ष होता. दीर्घ श्वसन आणि प्राणायाम या भिन्न गोष्टी आहेत, असे ते सांगत. श्वासाच्या नियमनामुळे शरीरातील दाबांत होणारे बदल, मज्जासंस्थेला लागणारे वळण आणि त्यातून मनाला येणारे स्थैर्य यांवर त्यांचा भर होता.

हळव्या प्रकृतीच्या माणसाला हा भेद समजून घेणे फार आवश्यक आहे. अधिक हवा म्हणजे अधिक लाभ, असे मानून असा माणूस जोरजोराने श्वास घेऊ लागला, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मग डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात, छातीत धडधडते. आधीच भ्यालेल्या मनाला ही लक्षणे आणखी भिववतात आणि औषध म्हणून घेतलेला श्वासच त्रासाचे कारण ठरतो. हळू चालणाऱ्या श्वासाचा परिणाम याच्या उलट असतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून पूरकापेक्षा रेचक लांब, साधारण दुपटीने ठेवण्याची जी परंपरागत रीत स्वामीजी शिकवीत, तिच्यामागे शरीरशास्त्राचा आधार आहे. इटलीचे संशोधक लुचानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की जपमाळेची प्रार्थना असो वा योगातील मंत्र, दोहोंत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी परस्परांशी जुळतात.

स्वामीजींच्या शिकवणुकीत घाईला स्थान नव्हते. श्वासावर जबरदस्ती करू नये, आवर्तने हळूहळू वाढवावीत आणि कुंभकाचा अभ्यास जाणत्या मार्गदर्शकावाचून करू नये, असा त्यांचा दंडक होता. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे केरळी अभ्यासक कोवूर बेहनान यांनी १९३० च्या दशकात त्यांच्याकडे साधना केली आणि १९३७ मध्ये योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनावर ग्रंथ लिहिला. दीर्घ साधनेने भावनिक स्थैर्य लाभल्याचे त्यांनी नमूद केले; त्याचबरोबर प्राणायामानंतर लगेच बौद्धिक कामाचा वेग मंदावतो, हेही मोकळेपणाने नोंदवले. लाभासोबत मर्यादाही मांडण्याचा स्वामीजींचा बाणा शिष्यातही उतरला होता.

ताण पेलणारे शरीर

लौकिक मान स्वामीजींना पुष्कळ मिळाला. १९२७ मध्ये रक्तदाबाच्या विकाराने आजारी पडलेल्या महात्मा गांधींनी आसनांविषयी त्यांचा सल्ला घेतला; दोघांमध्ये त्यासंबंधी पत्रव्यवहारही झाला. मुंबई इलाख्यातील शारीरिक शिक्षणाच्या आखणीत त्यांनी महत्त्वाची कामगिरी बजावली. १९३२ साली मुंबईत कैवल्यधामाची शाखा निघाली आणि १९३६ पासून ती मरीन ड्राइव्हवर स्थिरावली. १९४३ मध्ये राजकोटला केंद्र सुरू झाले. १९५१ मध्ये लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय, तर १९६१ मध्ये जुनाट विकारांवर योगोपचार करणारे रुग्णालय उभे राहिले. योगाला महाविद्यालय व रुग्णालय यांची जोड मिळाली, ती अशी टप्प्याटप्प्याने.

आयुष्याच्या उत्तरार्धात डॉ. एस. एल. विनेकर यांच्या साह्याने त्यांनी योगोपचारावरील ग्रंथ लिहिला. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने तो १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. मनाची योग्य धारणा घडवणे, स्नायू, मज्जा व ग्रंथी यांना नवे वळण लावून शरीराला अधिक ताण सोसण्यास समर्थ करणे आणि योग्य आहाराबरोबर शरीरशुद्धीच्या नैसर्गिक क्रियांना साह्य करणे, अशी तीन सूत्रे त्यात मांडली आहेत. यातील दुसरे सूत्र हळव्या माणसासाठी विशेष मोलाचे आहे. जगातील गोंगाट आणि दुःख थांबवणे कोणाच्याही हाती नाही. ते सोसणारे शरीर मात्र घडवता येते. माणसाने कमी हळवे व्हावे, अशी अपेक्षा येथे नाही. आपले हळवेपण पेलण्याइतके बळ त्याच्या अंगी यावे, एवढीच आहे.

याच संदर्भात एक आठवण होते. स्वामीजींनी लोणावळ्याला आश्रम स्थापन केला, त्याच १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये पांडुरंग सदाशिव साने हे शिक्षक म्हणून रुजू झाले. खानदेशाने त्यांना साने गुरुजी म्हणून हृदयात जपले. ‘श्यामची आई’ ज्या मनातून उमटली आणि १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून जे मन उपोषणाला बसले, ते पराकोटीचे हळवे होते. हळवेपण हा दोष नसून समाजाला मिळालेले देणे आहे, याची साक्ष गुरुजींच्या जीवनाने दिली. त्या हळवेपणाने अखेर त्यांच्याकडून कोणती किंमत घेतली, हेही महाराष्ट्र जाणतो. म्हणूनच अशा मनांची काळजी घेणे हा थट्टेचा वा दुर्लक्षाचा विषय असू नये.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंद यांचे निधन झाले. त्यांनी लावलेले लोणावळ्याचे रोप पुढे स्वामी दिगंबरजी आणि त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी वाढवले. आज प्राणायामाची शिबिरे गावोगावी भरतात. श्वासाने सर्व व्याधी बऱ्या होतात, असे दावेही कानी पडतात. दाव्यापेक्षा तपासणी मोठी, असे मानणाऱ्या या शिक्षकाला ते मानवले नसते. मन काळोखात बुडाले असेल, झोप-अन्न तुटले असेल, जीव नकोसा झाला असेल, तर तेथे वैद्यकीय उपचार प्रथम हवेत. श्वासाची साधना त्यांना पूरक ठरावी, पर्याय ठरू नये.

अमळनेरचे राष्ट्रीय महाविद्यालय चारच वर्षे चालले आणि त्याची आठवणही आता पुसट झाली आहे. पण सांगोवांगीवर विश्वास न ठेवता स्वतः पडताळून पाहण्याची तेथील प्राचार्यांची शिकवण बंद पाडणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. दीपनगरच्या एखाद्या घरात रात्रपाळीनंतर डोळ्याला डोळा न लागणारा कोणी सावकाश श्वास सोडत बसतो, तेव्हा त्याला कदाचित स्वामी कुवलयानंद हे नावही माहीत नसेल. तो श्वास त्याने घाई न करता आणि अवास्तव अपेक्षा न ठेवता सोडला, तर याच जिल्ह्यातील एका शिक्षकाचा धडा त्याने गिरवला, असेच म्हणावे लागेल.