स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव: जगन्नाथ गणेश गुणे, ३० ऑगस्ट, १८८३ - १८ एप्रिल, १९६६) हे योगविद्येचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारे आद्य भारतीय संशोधक आणि पुणे जिल्ह्यातील लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक होते. श्वसनक्रिया, प्राणायाम आणि बंध यांचा शरीरावर होणारा परिणाम मोजून पाहणे, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होय.

जीवन

गुणे यांचा जन्म गुजरातमधील डभोई येथे झाला. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात माणिकराव यांच्याकडे त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. पुढे ते अमळनेर येथे अध्यापन करू लागले आणि १९१६ मध्ये तेथील नॅशनल कॉलेजचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीच्या या महाविद्यालयाला १९२० मध्ये ब्रिटिश सरकारने टाळे लावले.

तत्पूर्वी, १९१९ मध्ये, नर्मदातीरावरील मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली होती. योगक्रियांचे अनुभव खरे असले तरी त्यांचे कारण विज्ञानाच्या कसोटीवर तपासले पाहिजे, असे त्यांचे मत बनले. त्यानुसार त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान बंध आणि नौली यांवर प्रयोग केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणाऱ्या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचे नाव दिले.

कैवल्यधाम

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधामची स्थापना केली. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू झाले. आश्रम, प्रयोगशाळा आणि उपचारकेंद्र यांचा असा संगम त्या काळी दुर्मीळ होता. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे अभ्यासक कोवूर बेहनन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी येथे राहून प्राणायामाचा अभ्यास केला.

श्वसनविषयक संशोधन

प्राणायामाने शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हा सर्वत्र रूढ होती. श्वासातील वायूंचे मोजमाप केल्यानंतर कुवलयानंदांनी ती टिकणारी नाही, असे मत मांडले. प्राणायामाचा खरा लाभ श्वसनाच्या स्नायूंना लागणाऱ्या शिस्तीत, तसेच छाती व पोटातील दाबाच्या बदलांत आहे, असे प्रतिपादन त्यांनी केले. ज्या विद्येचा प्रसार हेच आपले जीवितकार्य होते, तिच्या बाजूचा लोकप्रिय पुरावा त्यांनी स्वतःच सोडून दिला, हे येथे लक्षणीय ठरते. नवशिक्यांनी श्वास न रोखता पूरकाच्या दुप्पट काळ रेचक करावा, अशी सौम्य पद्धत त्यांनी शिकवली.

'आसने' या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात जिव्हाबंधाचाही समावेश आहे. संपूर्ण जीभ टाळूला चिकटवून ठेवणे, असे या क्रियेचे स्वरूप आहे. जिभेची योग्य बैठक, मिटलेले ओठ आणि नाकाने श्वास यांवर भर देणारी मायोफंक्शनल थेरपी ही उपचारपद्धती आज दंतवैद्यक व वाचा-उपचार क्षेत्रांत वापरली जाते. स्नायूंच्या व्यायामाची ही कल्पना अमेरिकन दंतवैद्य आल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ मध्ये मांडली होती. रॉजर्स यांचे लक्ष दातांची ठेवण व जबडा यांकडे होते, तर कुवलयानंदांचे गळा, श्वास व मज्जासंस्था यांकडे. तोंडातील स्नायूंना सरावाने वळण लावता येते, हा विचार मात्र दोहोंत समान आहे.

वारसा

१९५० च्या सुमारास कैवल्यधामात योगशिक्षणाचे स्वतंत्र महाविद्यालय सुरू झाले. मुंबई येथेही संस्थेचे योगोपचार केंद्र आहे. १८ एप्रिल, १९६६ रोजी कुवलयानंदांचे निधन झाले. लोणावळ्यातील संशोधन व 'योगमीमांसा'चे प्रकाशन त्यांच्या पश्चातही चालू राहिले.