किल्ली त्याच्याजवळच होती



काही दिवसांपूर्वी घरभेटीला गेलो असताना दीर्घ आजाराने खचलेल्या एका भगिनीने मला सांगितले की, रोझरीचे मणी बोटांतून पुढे सरकतात, पण आत काहीच हलत नाही. देवाने आपल्याला टाकून दिले असावे. मी त्यांना उपदेश केला नाही. जॉन बन्यन नावाच्या माणसाची हकिकत सांगितली. तीच आज जरा सविस्तर लिहितो.

बन्यनचा जन्म १६२८ साली इंग्लंडमध्ये बेडफर्ड शहराजवळच्या एल्स्टो या खेड्यात झाला. वडील फुटक्या भांड्यांना डाग देण्याचा धंदा करीत. जॉनही तेच काम शिकला. शाळा नावापुरती झाली. १६४४ साली तो पंधरा वर्षांचा असताना आई वारली आणि महिन्याभरात बहीणही गेली. वडिलांनी लवकरच दुसरे लग्न केले. त्याच वर्षी हा मुलगा पार्लमेंटच्या सैन्यात दाखल झाला, कारण तेव्हा राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध चालू होते. एकदा वेढ्याच्या कामगिरीवर त्याला जायचे होते. ऐन वेळी दुसरा एक शिपाई त्याच्या जागी गेला आणि डोक्यात गोळी लागून मेला. ही गोष्ट बन्यन कधीच विसरला नाही.

सैन्यातून परतल्यावर त्याने लग्न केले. दोघे इतके गरीब की घरात धड ताटली नव्हती, चमचा नव्हता. बायकोने माहेरून आणल्या त्या वडिलांच्या भक्तिपर दोन पुस्तका. १६५० साली पहिली मुलगी झाली. तिचे नाव मेरी ठेवले. ती जन्मतः आंधळी होती.

यानंतरची काही वर्षे बन्यनने मनाच्या मोठ्या छळात काढली. त्याला चर्चची घंटा वाजवण्याचा फार नाद होता. हा नाद पापाचा, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने दोर सोडला, पण घंटा वाजताना बघायला मात्र जायचा. मग वाटू लागले, घंटाच डोक्यावर पडली तर? तो तुळईखाली उभा राहू लागला. मग भिंतीचे भय, मग दारात उभे राहिल्यावर अख्खा मनोराच कोसळेल हे भय. शेवटी तो पळून घरी गेला. पुढे तर आपल्या हातून क्षमा नसलेले पाप घडले आहे, आपण मनातल्या मनात प्रभूला विकले आहे, असा विचार त्याच्या मानगुटीवर बसला. आज कोणी याला मनाचा आजार म्हणेल. आपल्या परंपरेला हे दुखणे अनोळखी नाही. संत इग्नेशियस लोयोला यांना १५२२ साली मानरेसा येथे अशाच शंकांनी ग्रासले होते. केलेले पापनिवेदन पुरेसे झाले नाही असे त्यांना पुन्हा पुन्हा वाटे, आणि जीव द्यावा असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता.

बन्यनला वाट दिसली ती कोणा पंडितामुळे नव्हे. कामासाठी तो बेडफर्डला गेला असता तीन-चार गरीब बायका दारात उन्हाला बसून देवाविषयी बोलत होत्या. तो जवळ गेला आणि ऐकत राहिला. आपल्याला धर्मावर पुष्कळ बोलता येते, पण या बायका ज्या आनंदाने बोलतात तो आपल्याजवळ नाही, हे त्याला तेथे उमगले. त्या ज्या लहानशा मंडळीतल्या होत्या तिच्यात तो सामील झाला आणि पुढे स्वतःच प्रवचने करू लागला. भांडी डागणाऱ्याचे बोलणे ऐकायला खेड्यापाड्यांतून शेकडो लोक जमू लागले.

१६५८ साली बायको चार लेकरे मागे ठेवून वारली. दुसऱ्या वर्षी त्याने एलिझाबेथशी लग्न केले. १६६० साली राजा दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि राजमान्य चर्चच्या बाहेर उपासनेसाठी जमणाऱ्यांवर पुन्हा बडगा आला. नोव्हेंबरमध्ये एका शेतघरात बन्यनचे प्रवचन ठरले होते. पकडवॉरंट निघाले आहे, हे यजमानाला कळले होते. त्याने सभा रद्द करू या असे सुचवले. बन्यन एकटाच शेतात फेऱ्या मारून आला. आपण पळालो तर नव्याने विश्वासात आलेल्या दुबळ्यांचे पाय डगमगतील, असा विचार करून त्याने सभा घेतली आणि पकडला गेला.

शिक्षा तीन महिन्यांची झाली. पुन्हा प्रवचन करणार नाही, असे वचन दिले की सुटका. नाही तर हद्दपारी, आणि परवानगीशिवाय परत आल्यास फाशी. बन्यनने वचन दिले नाही. हद्दपारी किंवा फाशी झाली नाही, परंतु तीन महिन्यांची बारा वर्षे झाली. बंधू-भगिनींनो, हे नीट ध्यानात घ्या. ज्या कोठडीत तो होता तिची किल्ली त्याच्याजवळच होती. एक वाक्य उच्चारले असते तर संध्याकाळी तो लेकरांत जेवला असता.

नवऱ्याच्या अटकेच्या धक्क्याने एलिझाबेथची अवेळी प्रसूती झाली आणि मूल दगावले. तरीही ही तरुण बाई लंडनला जाऊन उमरावांकडे अर्ज देऊन आली. १६६१ सालच्या ऑगस्टमध्ये बेडफर्डच्या एका खाणावळीत न्यायाधीश बसले होते, तेथे गर्दीतून वाट काढीत ती त्यांच्यापुढे उभी राहिली. चार लहान मुले, त्यांतले एक आंधळे, आणि पोट लोकांच्या दानधर्मावर, हे तिने सांगितले. त्यांच्यापैकी मॅथ्यू हेल या न्यायाधीशाला तिची दया आली, पण त्याच्या हातून काही झाले नाही. नवरा प्रवचन सोडील काय, असे तिला विचारण्यात आले. जोवर जीभ चालते तोवर तो सोडणार नाही, असे तिने स्वच्छ सांगितले. या कहाणीत मला बन्यनपेक्षाही ही बाई मोठी वाटते.

त्याने केले ते योग्य होते काय? सेमिनरीत कर्तव्यांच्या संघर्षावर आम्ही तासन् तास वाद घातले आहेत, पण या प्रश्नाशी मी आजही अडखळतो. उपाशी लेकरांचा बाप म्हणून त्याने वचन द्यायला हवे होते, असे कोणी म्हटले तर मी त्याला विश्वासहीन म्हणणार नाही. बन्यनलाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. सर्वांत जास्त जीव तुटत होता तो आंधळ्या मेरीसाठी, हे त्याने लिहून ठेवले आहे. तो कोठडीत नाड्यांच्या टोकांना धातूच्या टोप्या बसवी आणि त्या शेकड्यांनी विकून घरी पैसे पाठवी. मेरी रोज बापासाठी जगमधून सूप आणीत असे, अशी बेडफर्डची आठवण आहे. बाप तुरुंगात असतानाच ती वारली.

आणखी एक गोष्ट तो लपवत नाही. फाशी होईल असे वाटत होते तेव्हा त्याला मरणाचे नव्हे, तर शिडी चढताना पाय लटपटतील आणि देवाच्या नावाला बट्टा लागेल याचे भय वाटे. त्या दिवसांत देव मुका झाला होता. प्रार्थनेत काही गोडी नव्हती. तेव्हा त्याने मनाशी ठरवले की, देव सांत्वन देवो अथवा न देवो, आपण शब्दापासून हटायचे नाही. स्वर्ग मिळाला तर मिळाला. त्या आजारी भगिनीला मी हीच जागा दोनदा सांगितली.

या तुरुंगातच त्याच्या प्रसिद्ध ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चा बहुतेक भाग लिहिला गेला, असे अभ्यासक मानतात. ते १६७८ साली छापले गेले. काही मित्रांनी छापू नकोस असे सांगितले होते, कारण देवाच्या गोष्टी कल्पित कथेत सांगाव्यात काय, अशी त्यांना शंका होती. प्रभू येशूने दाखल्यांनीच शिकवले, हे त्यांना विसरायला झाले असावे! कथा स्वप्नाची आहे. ‘ख्रिस्ती’ नावाचा माणूस पाठीवर ओझे घेऊन नाशाच्या नगरातून निघतो. चिखलाच्या दलदलीत फसतो, क्रुसापाशी त्याचे ओझे गळून पडते. सगळे संपले असे आपल्याला वाटते, पण खरी चढण त्यानंतर सुरू होते. ‘मायाबाजारा’त त्याचा सोबती ‘विश्वासू’ जाळला जातो. कथा सांगणारा एका गुहेत झोपी जाऊन हे स्वप्न पाहतो, आणि गुहा म्हणजे तुरुंग, असे बन्यनने समासात नोंदवले आहे.

माझ्या मते पुस्तकाचा गाभा ‘संशयगडा’त आहे. ख्रिस्ती आणि त्याचा नवा सोबती ‘आशावंत’ जरा सोपी वाट धरतात आणि ‘निराशा’ नावाच्या राक्षसाच्या हाती सापडतात. बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत अंधारकोठडीत, अन्न नाही, पाणी नाही. राक्षस सोट्याने झोडपतो आणि वर सल्ला देतो की, सुरी, फास किंवा विष घेऊन मोकळे व्हा. ख्रिस्ती जवळजवळ तयार होतो. आशावंत त्याला एकेक दिवस थांबवतो. शनिवारी मध्यरात्री ते प्रार्थनेला बसतात. रविवार उजाडण्याच्या सुमारास ख्रिस्तीला एकदम आठवते की, आपल्या छातीशी एक किल्ली आहे. तिचे नाव ‘वचन’. देवाचे वचन. बाहेरच्या फाटकाचे कुलूप फार जड जाते, पण उघडते.

न्यायाधीशांना हवे असलेले वचन ज्याने बारा वर्षे दिले नाही, त्याने निराशेच्या गडाची किल्ली अशी घडवली.

आपल्यापैकी कोणी हे पुस्तक वाचायला घेतले तर एका ठिकाणी खटकेल. वाटेवरच्या एका गुहेत पोप म्हातारा राक्षस होऊन बसला आहे. बन्यन कट्टर प्युरिटन होता आणि त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिकांविषयी असेच बोलले जाई. १६८१ साली संत ऑलिव्हर प्लंकेट यांना खोट्या आरोपावरून लंडनमध्ये फाशी देण्यात आले, ते याच वातावरणात. गंमत अशी की, राजाच्या ज्या जाहीरनाम्यामुळे १६७२ साली बन्यन सुटला, त्याच जाहीरनाम्याने कॅथलिकांनाही घरांत उपासना करण्याची मोकळीक दिली होती. पार्लमेंटने दुसऱ्याच वर्षी राजाला तो मागे घ्यायला लावले. आपल्यापासून दुरावलेल्या बंधूंजवळ जे खरे ख्रिस्ती धन आहे ते आनंदाने ओळखावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली शिकवले. तेव्हा ते पान मी उलटतो आणि पुढे वाचतो.

हे पुस्तक पुढे दोनशेहून अधिक भाषांत गेले. मराठीत ते हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ या नावाने आणले.

१६८४ साली दुसरा भाग आला. पहिल्या भागात ख्रिस्ती बायकामुलांना मागे सोडून कानांत बोटे घालून पळतो. दुसऱ्यात त्याची बायको लेकरांना घेऊन त्याच वाटेने निघते. तिच्या मेळ्यात लंगडे आहेत, भित्रे आहेत, मनाने अधू असलेले आहेत. पहिल्या भागाइतकी ताकद त्यात नाही, पण बन्यन येथे अधिक मऊ झाला आहे. एका फार भित्र्या यात्रेकरूची हकिकत त्यात येते. तो शेवटच्या नदीशी आला तेव्हा पाणी कधी नव्हे इतके उतरले होते.

सुटल्यावर बन्यन बेडफर्डच्या मंडळीचा पाळक म्हणून काम करू लागला. मध्ये पुन्हा काही महिने तुरुंगवास घडला. १६८८ सालच्या ऑगस्टमध्ये एका बाप-लेकाचे विकोपाला गेलेले भांडण मिटवायला तो घोड्यावरून रेडिंगला गेला. तेथून लंडनला येताना मुसळधार पावसात भिजला, ताप भरला आणि ३१ ऑगस्टला एका मित्राच्या घरी वारला. वय साठीच्या आतच होते. लंडनमधील बनहिल फील्ड्स या दफनभूमीत त्याला पुरले. बाप-लेकाचा समेट मात्र झाला होता.