तारेचे गणित मांडणारे हेविसाइड

कोअर ऑफ सिग्नल्समध्ये जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या प्रत्येक कॅडेटला ऑलिव्हर हेविसाइड हे नाव माहीत असायला हवे, असे मला वाटते.

त्यांचा जन्म १८५० साली लंडनमध्ये, गरीब घरात झाला. लहानपणी आलेल्या तापामुळे कमी ऐकू येऊ लागले. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. मावशीचे यजमान म्हणजे तारायंत्राचे संशोधक चार्ल्स व्हीटस्टन. इंग्लंड-डेन्मार्क समुद्री केबलवर ऑलिव्हर यांना तारबाबूची नोकरी मिळाली. चोविसाव्या वर्षी ती सोडली आणि पुन्हा कधी नोकरी केलीच नाही. आईवडिलांच्या घरी बसून मॅक्सवेलचा अवघड ग्रंथ ते स्वतःच शिकले.

तेव्हा समुद्री केबलचे गणित फक्त रोध आणि धारिता धरून करत. हेविसाइड यांनी इंडक्टन्स आणि गळतीही धरली. मग कळले, की पल्स तारेतून लाटेसारखी धावते, टोकावरून परत फिरते आणि वाटेत पसरत जाते.

हे मी बंगळूरुला आमच्या प्रयोगशाळेत पाहिले. ५० मीटर केबलमध्ये सोडलेली पल्स सुमारे ५०० नॅनोसेकंदांनी परतली. टोक मोकळे असताना सरळ, शॉर्ट केल्यावर उलटी! पण परतलेल्या पल्सची कड तिरकी झाली होती. मग वेळ कुठे वाचायची? ५ नॅनोसेकंदांचा फरक म्हणजे अर्ध्या मीटरचा फरक. सरांनी दोन्ही पल्सच्या कडेवर अर्ध्या उंचीचा बिंदू धरायला लावला. त्याआधी त्याच केबलचा टेपने मोजलेला तुकडा वापरून वेगही काढायला लावला, कारण तो आतल्या प्लास्टिकवर अवलंबून असतो.

चारही गुण ठरावीक प्रमाणात असतील तर पल्स क्षीण होते, पण तिचा आकार बिघडत नाही, हेही हेविसाइड यांनी दाखवले. त्यासाठी इंडक्टन्स वाढवा, असे ते म्हणत. ब्रिटिश टपालखात्याचे विल्यम प्रीस यांना हे मुळीच पटले नाही. १८८७ मध्ये त्यांनी हेविसाइड बंधूंचा लेख अडवला. पुढे अमेरिकेत प्युपिन यांनी तारेवर कॉइल बसवण्याचे पेटंट घेऊन भरपूर पैसा मिळवला. हेविसाइड मात्र १८९६ पासून वर्षाला १२० पौंडांच्या सरकारी पेन्शनवर राहिले.

वातावरणात उंचावर रेडिओलहरी परतवणारा थर असावा, असे त्यांनी १९०२ मध्ये लिहिले होते. डिसेंबर १९२४ मध्ये अ‍ॅपलटन यांनी त्याची उंची मोजली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हेविसाइड टॉर्की येथे वारले.