रविवारची सुट्टी मिळवून देणारे रावबहादूर लोखंडे

रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आज फारसे कुणाच्या तोंडी नाही. पण रविवारी आपण जरा उशिरा उठतो, दुसरा चहा घेत पेपर वाचतो, त्यामागे या गृहस्थांची सहा वर्षांची खटपट आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली झाला. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी करून पुढे ते मुंबईत मांडवी भागातल्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे कामगारांचे हाल रोज डोळ्यांसमोर. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, जेवायला धड वेळ नाही, आठवड्याची ठरलेली सुट्टी तर नाहीच. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. १८८० पासून ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक मुंबईतून चालवून त्यांनी कष्टकऱ्यांची बाजू मांडायला सुरुवात केली.

१८८४ साली सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या, मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला. मागण्या काय? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, कामावर जखमी झाल्यास भरपाई. यात अवास्तव काय होतं, सांगा!

तरी लगेच काही पदरात पडले नाही. पुन्हा सभा, पुन्हा अर्ज. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्यात दोन कामगार स्त्रियांनी भाषणेही केली, त्या काळात! अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

विधवांच्या केशवपनाला नकार देणाऱ्या नाभिक बांधवांच्या मागेही लोखंडे उभे राहिले. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना त्याच रोगाने त्यांना गाठले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. २००५ साली टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.

मी बँकेत उभी हयात काढली. पगारी सुट्टी आम्ही हक्काची मानली, पण ती आमच्यापर्यंत कुणाच्या कष्टाने आली हे क्वचितच आठवलं. हक्क असे सही-सहीने, सभे-सभेने जमत जातात आणि मग सगळ्यांचे होतात.

सगळ्यांचे झाले का, हा प्रश्न मात्र उरतोच. आपले वॉचमन, घरी येणाऱ्या कामवाल्या ताई, जिने झाडणारे दादा यांना आठवड्याची भरपगारी सुट्टी आहे का? रौप्यमहोत्सवी वर्षात कमिटीने बदली माणसाची सोय करून तेवढा ठराव करावा, अशी माझी सूचना आहे. खर्च प्रत्येक फ्लॅटमागे फार येणार नाही. हिशोब मांडून द्यायला मी तयार आहे.